इयान डोनाल्ड

इयान डोनाल्ड (२७ डिसेंबर, १९१०:लिस्कर्ड, कॉर्नवॉल, इंग्लंड - १९ जून, १९८७:पॅगलशॅम, एसेक्स, इंग्लंड) हे ब्रिटिश प्रसूतितज्ज्ञ व स्त्रीरोगतज्ज्ञ होते. श्राव्यातीत ध्वनीच्या साहाय्याने पोटातील अवयव, गाठी आणि गर्भ पाहण्याची पद्धत रुग्णालयाच्या रोजच्या व्यवहारात आणणाऱ्यांमध्ये त्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. १९५४ ते १९७६ या काळात ते ग्लासगो विद्यापीठात प्रसूतिशास्त्राचे रीजस प्राध्यापक होते. अभियंता टॉम ब्राउन आणि डॉ. जॉन मॅकव्हिकर यांच्यासह त्यांनी ७ जून, १९५८ रोजी 'द लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध केलेला शोधनिबंध हा आजच्या सोनोग्राफीचा एक पाया मानला जातो. गर्भवतीची तपासणी, पित्ताशयातील खडे, मूत्रपिंडाचे विकार आणि यकृतात साठणारी चरबी, म्हणजे फॅटी लिव्हर, हे सर्व आज ज्या तपासणीने पाहिले जाते, तिची सुरुवात ग्लासगोमध्ये बॉयलरच्या पत्र्यांतील भेगा शोधणाऱ्या एका यंत्रापासून झाली.

बालपण व शिक्षण

डोनाल्ड यांचा जन्म कॉर्नवॉलमध्ये झाला असला तरी घराणे स्कॉटिश होते. वडील जॉन डोनाल्ड आणि आजोबा दोघेही डॉक्टर होते. आई हेलन पियानोवादक होती. चार भावंडांत इयान सर्वांत थोरले. त्यांची बहीण ॲलिसन मन्रो पुढे ब्रिटिश प्रशासनात उच्च पदावर पोहोचली आणि नंतर लंडनमधील एका नामवंत मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका झाली.

इयान यांचे शालेय शिक्षण स्कॉटलंडमध्ये सुरू झाले. वडिलांच्या प्रकृतीला थंड हवा मानवत नसल्याने कुटुंब दक्षिण आफ्रिकेत गेले आणि इयान यांचे उरलेले शिक्षण केप टाउनजवळ झाले. १९२७ मध्ये घरात घटसर्पाची साथ शिरली. तीन भावंडांसह आई आजारी पडली आणि त्यातच तिचा मृत्यू झाला. त्यानंतर काही महिन्यांतच वडीलही वारले. सोळा-सतरा वर्षांच्या इयान यांच्यासह चारही मुले पोरकी झाली आणि घराचा भार वडिलांनी ठेवलेल्या निधीवर व घर सांभाळणाऱ्या एका बाईंवर आला. इयान यांनी केप टाउन विद्यापीठातून कला शाखेची पदवी घेतली. त्यांच्या अभ्यासात भाषा आणि संगीत हे विषय होते. वैद्यकाकडे ते त्यानंतर वळले. १९३०च्या सुमारास भावंडे लंडनला परतली आणि इयान यांनी सेंट थॉमस रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. १९३७ मध्ये ते वैद्यकीय पदवीधर झाले आणि त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतील शेतकरी कुटुंबातल्या ॲलिक्स रिचर्ड्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला चार मुली झाल्या.

युद्धकाळ

दुसऱ्या महायुद्धात १९४२ पासून डोनाल्ड शाही हवाई दलात वैद्यकीय अधिकारी होते. कोसळून पेटलेल्या एका बॉम्बफेकी विमानात बॉम्ब अद्याप शिल्लक असताना आत शिरून त्यांनी जखमी वैमानिकांना बाहेर काढले. या धाडसाबद्दल १९४६ मध्ये त्यांना एम.बी.ई. हा किताब देण्यात आला.

त्यांच्या पुढील आयुष्याच्या दृष्टीने मात्र या काळातील दुसरीच गोष्ट अधिक महत्त्वाची ठरली. हवाई दलात त्यांना रडार जवळून पाहता आले. पाणबुड्या शोधण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सोनार यंत्रणेचीही त्यांना ओळख झाली. न दिसणाऱ्या वस्तूकडे लहर सोडावी, ती परत येण्यास लागलेला वेळ मोजावा आणि त्यावरून अंतर काढावे, हे त्या दोन्ही तंत्रांमागील तत्त्व त्यांच्या मनात पक्के बसले. यंत्रांची आवड त्यांना मुळातच होती. लंडनमधील सहकारी त्यांच्या या वेडाची थट्टा करीत. पण हे वेड नसते तर पुढचे काहीच घडले नसते.

नवजात बालकांचे श्वसन

युद्धानंतर डोनाल्ड सेंट थॉमस रुग्णालयात परतले. जन्मतःच श्वास घेऊ न शकणाऱ्या बालकांच्या प्रश्नाने त्यांना पछाडले होते. शरीरक्रियाशास्त्रज्ञ मॉरीन यंग यांच्याबरोबर त्यांनी अशा बालकांसाठी कृत्रिम श्वसनयंत्र तयार केले. बालकाने स्वतः श्वास घेण्याचा थोडा प्रयत्न करताच यंत्राने तो ओळखून त्याला साथ द्यावी, अशी त्यामागील कल्पना होती. पुढे लंडनमधील हॅमरस्मिथ रुग्णालयात प्रपाठक असतानाही त्यांनी हे काम चालू ठेवले. मरणाच्या दारातील अर्भकाजवळ बसून सुट्या भागांतून यंत्र जुळवणारा डॉक्टर, अशी त्यांची ख्याती याच काळात झाली. १९५४ मध्ये त्यांची ग्लासगोला नेमणूक झाली. 'प्रॅक्टिकल ऑब्स्टेट्रिक प्रॉब्लेम्स' हे त्यांचे पाठ्यपुस्तक १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि भारतातील वैद्यकीय महाविद्यालयांतही ते वाचले जात असे.

आधीचे प्रयत्न

श्राव्यातीत ध्वनी म्हणजे मानवी कानाच्या मर्यादेपलीकडचा, सेकंदाला २०,००० पेक्षा अधिक कंपने असलेला ध्वनी. काही स्फटिकांवर दाब दिला की वीज निर्माण होते, हे प्येर व झाक क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवले होते. उलट अशा स्फटिकाला वीज दिली की तो कंप पावतो. या गुणधर्माचा उपयोग करून फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल लांझव्हँ यांनी पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्याचे साधन बनवले. १९४०च्या दशकात हेच तंत्र कारखान्यांत आले. धातूच्या जाड पत्र्यातून ध्वनिस्पंद सोडल्यास आतील भेगेवरून प्रतिध्वनी परततो आणि पत्रा न कापता दोष सापडतो.

माणसाच्या शरीरावर असा प्रयोग करणारे डोनाल्ड पहिले नव्हते. ऑस्ट्रियाचे कार्ल डुसिक यांनी मेंदूतून ध्वनी आरपार पाठवून पाहिला होता. अमेरिकेत डेन्व्हर येथे डग्लस हाउरी पाण्याच्या टाकीत माणसाला बसवून चित्रे काढत होते. मिनेसोटात इंग्रज शल्यविशारद जॉन वाइल्ड यांनी स्तनातील गाठींचा अभ्यास चालवला होता. स्वीडनमध्ये इंगे एडलर आणि हेलमुट हेर्ट्झ यांनी १९५३ मध्ये हृदयाच्या हालचाली नोंदवल्या. वाइल्ड यांच्या कामाचा डोनाल्ड यांना लंडनमध्येच परिचय झाला होता. तरीही ग्लासगोच्या कामाचे वेगळेपण असे, की तेथे रुग्णाला पाण्यात उतरवावे लागले नाही आणि यंत्र प्रयोगशाळेतून थेट रुग्णाच्या खाटेजवळ आले.

बॉयलरचा कारखाना

ग्लासगो हे त्या काळी जहाजबांधणीचे व जड यंत्रांचे शहर होते. डोनाल्ड यांच्या एका रुग्णाचे पती बॉयलर बनवणाऱ्या बॅबकॉक अँड विल्कॉक्स या कंपनीत संचालक होते. त्यांच्या ओळखीतून रेनफ्रू येथील कारखान्याचे दार उघडले. २१ जुलै, १९५५ रोजी डोनाल्ड आपल्या सहकाऱ्यांसह दोन मोटारींच्या डिक्क्या भरून तेथे पोहोचले. डिक्क्यांमध्ये शस्त्रक्रियेत नुकत्याच काढलेल्या गाठी होत्या: गर्भाशयातील घट्ट फायब्रॉइड आणि अंडाशयातील द्रवाने भरलेल्या गाठी. तुलनेसाठी कंपनीने गोमांसाचा एक मोठा तुकडा आणून ठेवला होता. धातूतील भेगा शोधणाऱ्या दोषशोधक यंत्राचा प्रोब या सर्वांवर एकामागून एक टेकवण्यात आला.

पडद्यावर जे उमटले ते डोनाल्ड यांच्या अपेक्षेपलीकडचे होते. द्रवाने भरलेल्या गाठीतून ध्वनी बिनअडथळा पुढे जाई. मध्ये सर्व शांत, आणि पलीकडच्या भिंतीवरून एकच ठळक प्रतिध्वनी. घट्ट गाठीत मात्र ध्वनी आत शिरताच ठिकठिकाणी विखुरला जाई व खोल जाता जाता क्षीण होई. पोटात हाताला लागणारी गाठ घट्ट आहे की पाण्याची, हा प्रश्न तोवर शस्त्रक्रिया केल्याशिवाय अनेकदा सुटत नसे. त्याचे उत्तर कातडीबाहेरून मिळू शकते, हे त्या दुपारी स्पष्ट झाले. ऊतींच्या घडणीप्रमाणे प्रतिध्वनी बदलतो, हेच निरीक्षण पुढे यकृताच्या तपासणीतही उपयोगी पडले.

डोनाल्ड यांना यानंतर केल्व्हिन अँड ह्यूज कंपनीचे एक जुने दोषशोधक यंत्र उसने मिळाले. लंडनमधील भौतिकशास्त्रज्ञ मेनॉर्ड यांनी ते मेंदूच्या अभ्यासासाठी वापरून पाहिले होते. या यंत्रात एक मोठी अडचण होती. स्पंद सोडल्यावर काही क्षण ते जणू बहिरे होई आणि प्रोबपासून सुमारे ८ सेंटिमीटरच्या आतले काहीच नोंदवत नसे. पोटाच्या तपासणीत नेमका हाच भाग महत्त्वाचा. यावर तोडगा म्हणून पातळ रबराचा तळ असलेले पाण्याचे भांडे रुग्णाच्या पोटावर तोलून धरले जाई आणि प्रोब त्या पाण्यात बुडवला जाई. पाणी सांडे, अंथरूण भिजे, रुग्ण गारठे आणि परिचारिका वैतागत. निष्कर्षही फारसे भरवशाचे नव्हते. या काळात ग्लासगोतील अनेक डॉक्टरांनी या प्रकाराकडे एका प्राध्यापकाचा छंद म्हणूनच पाहिले.

टॉम ब्राउन आणि पहिले स्पर्श-यंत्र

१९५६ च्या अखेरीस केल्व्हिन अँड ह्यूज कंपनीच्या ग्लासगो येथील विभागात काम करणारा टॉम ब्राउन हा तरुण अभियंता या कथेत आला. शहरातील कोणी प्राध्यापक धातूच्या दोषशोधकाने माणसे तपासतो, असे त्याच्या कानावर आले. ब्राउन यांनी दूरध्वनीच्या यादीत डोनाल्ड यांचा क्रमांक शोधून थेट त्यांना फोन केला. भेटीला गेल्यावर यंत्र कसे वापरले जात आहे ते पाहूनच मुख्य अडचण त्यांच्या ध्यानात आली. कंपनीतील वरिष्ठांकडून त्यांनी नव्या बनावटीचे दोषशोधक यंत्र मिळवून दिले. त्यामुळे पाण्याचे भांडे बाजूला गेले. त्वचेवर ऑलिव्ह तेल लावून प्रोब सरळ पोटावर टेकवता येऊ लागला; प्रोब व त्वचा यांच्यामध्ये हवेचा पातळ थरही राहिला तर ध्वनी आत जात नाही, म्हणून हे तेल. आज त्याच कामासाठी जेल लावतात.

पण पडद्यावर दिसत होत्या त्या केवळ उंच-सखल रेषा. त्यांवरून अंतर कळे, आकार कळत नसे. प्रोब कोठे आहे आणि कोणत्या दिशेने रोखला आहे याची नोंद ठेवली व प्रत्येक प्रतिध्वनीचा ठिपका पडद्यावर त्याच जागी उमटवला, तर पोटाचा आडवा छेदच चित्रात दिसेल, ही कल्पना ब्राउन यांनी मांडली आणि प्रत्यक्षात आणली. रुग्णालयातील खाटेवरचे जेवणाचे टेबल, दोषशोधक यंत्र, एक छोटी चित्रनलिका आणि कारखान्यात जुळवलेले यांत्रिक भाग यांतून १९५७ मध्ये हे यंत्र उभे राहिले. एक माणूस प्रोब हाताने पोटावरून हळूहळू झुलवत नेई आणि कॅमेऱ्याची झडप उघडी ठेवून त्या साऱ्या ठिपक्यांचे मिळून एक छायाचित्र घेतले जाई. त्वचेला स्पर्श करून द्विमितीय चित्र देणारे हे पहिले यंत्र होय. या शोधातील ब्राउन यांचा वाटा दीर्घकाळ उपेक्षित राहिला. वैद्यकाच्या इतिहासात डॉक्टरचे नाव पुढे येते आणि यंत्र करणारा मागे राहतो, त्याचे हे एक उदाहरण आहे.

डोनाल्ड यांचे साहाय्यक डॉ. जॉन मॅकव्हिकर १९५६ पासून या कामात होते. दिवसा रुग्णसेवा आणि संध्याकाळनंतर यंत्र, असा या तिघांचा क्रम असे. ध्वनीमुळे ऊतींना इजा होत नाही ना, हे पाहण्यासाठी त्यांनी मांजराच्या पिल्लांच्या मेंदूवर वापरातील मात्रेपेक्षा अधिक ध्वनी सोडून तपासणी केली. इजा आढळली नाही.

एक रुग्ण आणि 'लॅन्सेट'मधील निबंध

ग्लासगोच्या वेस्टर्न इन्फर्मरीत प्राध्यापक चार्ल्स इलिंगवर्थ यांच्या शल्यविभागात एक स्त्री दाखल होती. पोट फुगलेले, उलट्या होत होत्या, वजन झपाट्याने घटत होते. क्ष-किरण तपासणीसह सर्व लक्षणांवरून तिला जठराचा असाध्य कर्करोग असून पोटात पाणी, म्हणजे जलोदर, झाल्याचे निदान करण्यात आले होते. शल्यविशारदांच्या दृष्टीने करण्यासारखे काही उरले नव्हते. डोनाल्ड यांच्या यंत्राची चर्चा रुग्णालयात होतीच. तेव्हा एक प्रयोग म्हणून तिला तपासण्यास सांगण्यात आले.

जलोदरात पाणी मोकळे असते. आतडी त्यात तरंगतात आणि त्यांच्या कडांवरून प्रतिध्वनी येतात. या रुग्णाच्या बाबतीत पडद्यावर तसे काही दिसेना. सारे पोट एकाच मोठ्या पोकळीने व्यापलेले असावे, तसा मधला भाग शांत होता आणि पलीकडे एक ठळक कडा होती. ही द्रवाने भरलेली प्रचंड गाठ असावी असे मॅकव्हिकर बोलून गेले. तज्ज्ञांच्या निदानाच्या पूर्ण विरुद्ध जाणारे हे मत होते आणि यंत्र तर अजून कोणाच्या विश्वासास उतरलेले नव्हते. तरी डोनाल्ड यांनी शस्त्रक्रिया केली. अंडाशयातून वाढलेली, कर्करोगाची नसलेली एक मोठी गाठ निघाली आणि ती स्त्री बरी झाली.

या घटनेनंतर वेस्टर्न इन्फर्मरीत यंत्राची थट्टा थांबली. रुग्ण पाठवणाऱ्या विभागांची संख्या वाढली आणि पोटाच्या गाठी, गर्भाशयातील जुळी, गर्भाचे डोके यांची चित्रे जमू लागली. ७ जून, १९५८ रोजी प्रसिद्ध झालेल्या 'इन्व्हेस्टिगेशन ऑफ ॲब्डॉमिनल मासेस बाय पल्स्ड अल्ट्रासाउंड' या निबंधात डोनाल्ड, मॅकव्हिकर व ब्राउन यांनी हे अनुभव मांडले. निबंधाचे शीर्षक पोटातील गाठींविषयी होते, गर्भाविषयी नव्हते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. गर्भतपासणी हा त्यांच्या कामाचा सर्वांत प्रसिद्ध भाग पुढे झाला. सुरुवात मात्र सर्वसाधारण उदरतपासणीची होती.

प्रसूतिशास्त्रातील काम

याच सुमारास ऑक्सफर्डच्या ॲलिस स्ट्युअर्ट यांनी गर्भारपणी केलेल्या क्ष-किरण तपासणीचा मुलांमधील कर्करोगाशी संबंध दाखवला होता. गर्भ पाहण्यासाठी दुसऱ्या साधनाची निकड त्यामुळे वाढली. ग्लासगोत जेम्स विलॉक्स यांनी गर्भाच्या डोक्याची मापे घेऊन त्याची वाढ मोजण्यास सुरुवात केली. स्टुअर्ट कॅम्बेल यांनी ही पद्धत अधिक अचूक केली. १९७३ मध्ये ह्यू रॉबिन्सन यांनी पहिल्या तिमाहीतील गर्भाची डोक्यापासून पार्श्वभागापर्यंतची लांबी मोजून त्याचे वय ठरवण्याची रीत दिली. ती आजही वापरली जाते. वार गर्भाशयाच्या तोंडावर आली आहे की नाही, हे आधी समजू लागल्याने अचानक होणाऱ्या जीवघेण्या रक्तस्रावाची पूर्वसूचना मिळू लागली.

१९६३ च्या सुमारास एक महत्त्वाचा शोध योगायोगाने लागला. मूत्राशय पूर्ण भरलेल्या एका रुग्णाची तपासणी करताना एरवी ओटीपोटात खोल लपलेले गर्भाशय अगदी स्वच्छ दिसले. भरलेले मूत्राशय आतडी व त्यांतील हवा बाजूला सारते आणि ध्वनीला वाट करून देते. ओटीपोटाच्या सोनोग्राफीपूर्वी भरपूर पाणी पिऊन येण्यास सांगितले जाते, त्याचा उगम हा.

यंत्रेही बदलत गेली. १९६०च्या दशकात डायसोनोग्राफ हे व्यापारी यंत्र आले. त्याचे बाह्यरूप औद्योगिक आरेखनकार ड्युगल्ड कॅमेरॉन यांनी ठरवले होते. मूळ कंपनीने पुढे स्कॉटलंडमधून अंग काढून घेतल्यावर एडिनबरोच्या न्यूक्लिअर एंटरप्रायझेस या कंपनीने निर्मिती चालू ठेवली. ग्लासगोतील क्वीन मदर्स रुग्णालय १९६४ मध्ये सुरू झाले. त्याच्या उभारणीत डोनाल्ड यांचा मोठा वाटा होता.

यकृताच्या तपासणीकडे

डोनाल्ड यांनी स्वतः यकृताच्या विकारांवर काम केले नाही. तरीही यकृताची सोनोग्राफी त्यांच्याच पद्धतीच्या विस्तारातून आली. त्यांच्या सुरुवातीच्या यंत्रांत ठिपका उमटे किंवा उमटत नसे. मधल्या छटा नव्हत्या. अशा चित्रात गाठीची कडा दिसे, पण यकृतासारख्या एकसंध अवयवाचा पोत कळत नसे. १९६०च्या दशकात ब्रिस्टलमध्ये पीटर वेल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी यकृताच्या चित्रणावर काम केले. १९७०च्या सुमारास सिडनी येथील जॉर्ज कोसॉफ यांच्या गटाने प्रतिध्वनीच्या तीव्रतेनुसार करड्या रंगाच्या छटा दाखवणारी पद्धत विकसित केली आणि चित्र बदलले. १९७९ मध्ये ब्रिटिश क्ष-किरणतज्ज्ञांनी काही रुग्णांचे यकृत नेहमीपेक्षा उजळ दिसते व ते यकृताच्या जुनाट विकारांचे लक्षण असते, असे नोंदवले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे युर्गेन लुडविग यांनी मद्यपान न करणाऱ्यांतही मद्यप्यांसारखाच यकृतदाह आढळतो, हे दाखवून त्याला नाव दिले.

यकृतपेशींत मेदाचे थेंब साठले की ध्वनीला असंख्य लहान पृष्ठभाग भेटतात. तो विखुरतो आणि यकृत उजळ दिसते. निरोगी यकृत व उजवे मूत्रपिंड यांचा उजळपणा साधारण सारखा असतो. यकृत स्पष्टपणे अधिक उजळ असेल तर मेदाचा संशय घेतात. मेद वाढत जाईल तसा ध्वनी खोलवर पोहोचण्याआधीच शोषला जातो, रक्तवाहिन्यांच्या भिंती पुसट होतात आणि शेवटी मध्यपटलाची रेषाही दिसेनाशी होते. अहवालात लिहिल्या जाणाऱ्या पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या श्रेणी याच क्रमावरून ठरतात. रेनफ्रूच्या कारखान्यात घट्ट गाठीत ध्वनी विखुरताना व क्षीण होताना दिसला होता, तोच हा प्रकार.

या तपासणीचे महत्त्व असे, की फॅटी लिव्हरमध्ये रुग्णाला दीर्घकाळ काहीच त्रास होत नाही आणि रक्ततपासणीही पुष्कळदा सामान्य येते. यकृतात तंतू वाढून सिरोसिस होण्यापूर्वी विकार लक्षात आला, तर वजन कमी करून व मधुमेह आटोक्यात ठेवून तो मागे फिरवता येतो; शरीराचे वजन ७ ते १० टक्क्यांनी घटल्यास यकृतदाहही कमी होतो. सोनोग्राफी स्वस्त, निर्धोक व सर्वत्र उपलब्ध असल्याने पहिली तपासणी तीच असते. पण तिच्या मर्यादा दुर्लक्षिण्यासारख्या नाहीत. मेदाचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांपेक्षा कमी असले तर साध्या सोनोग्राफीत ते निसटू शकते. विकाराची व्याख्या मात्र ५ टक्क्यांपासून सुरू होते. अतिस्थूल व्यक्तींमध्ये चित्र अस्पष्ट येते आणि निष्कर्ष तपासणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून राहतो. मेद दिसला तरी तंतुमयता किती आहे हे त्यातून कळत नाही. त्यासाठी २००३ च्या सुमारास फ्रान्समध्ये विकसित झालेली, यकृताचा ताठरपणा मोजणारी इलॅस्टोग्राफी वापरली जाते आणि ध्वनी किती शोषला गेला ते आकड्यांत मोजण्याची सोयही त्या यंत्रात नंतर आली. २०२१ मध्ये भारत सरकारने मद्येतर फॅटी लिव्हरचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला.

मते व वाद

डोनाल्ड निष्ठावान ख्रिस्ती होते. ब्रिटनमध्ये १९६७ मध्ये गर्भपाताला कायद्याने परवानगी मिळाली तेव्हा त्यांनी त्याला उघड विरोध केला आणि त्यासाठीच्या चळवळीत भाग घेतला. गर्भाची हलती चित्रे ते सभांतून व रुग्णांना दाखवत. कृत्रिम गर्भधारणेविषयीही त्यांना आक्षेप होते. त्यांच्या भूमिकेवर सहकाऱ्यांनी टीका केली. गर्भपाताची गरज असलेल्या स्त्रीला पडद्यावरील चित्र दाखवणे हा तिच्यावर दबाव आहे, असे टीकाकारांचे म्हणणे होते आणि ते निराधार नव्हते. दुसरीकडे, गर्भाला गंभीर व्यंग असल्याचे त्यांच्याच तंत्राने कळू लागल्यावर असे गर्भ पाडण्याचे निर्णय वाढले. आपल्या शोधाचा असा उपयोग होताना पाहणे त्यांना जड गेले.

अखेरचा काळ

डोनाल्ड यांना हृदयाच्या झडपेचा विकार होता आणि त्यासाठी त्यांच्यावर तीन मोठ्या शस्त्रक्रिया झाल्या. आजारपणातही ते काम करीत राहिले. १९७३ मध्ये त्यांना सी.बी.ई. हा किताब मिळाला. १९७६ मध्ये ते निवृत्त झाले. शिडाची नौका चालवणे, पियानो आणि जलरंगातील चित्रे हे त्यांचे छंद होते. १९८१ मध्ये असीम कुर्याक यांनी दुब्रोव्हनिक येथे त्यांच्या नावाने अल्ट्रासाउंडचे आंतरविद्यापीठीय विद्यालय स्थापन केले; त्याच्या शाखा पुढे भारतासह अनेक देशांत निघाल्या. १९ जून, १९८७ रोजी एसेक्समधील पॅगलशॅम येथे डोनाल्ड यांचे निधन झाले. तेथील चर्चच्या आवारात त्यांचे दफन करण्यात आले.

भारतातील परिणाम

डोनाल्ड यांच्या मृत्यूनंतर वर्षभरातच, १९८८ मध्ये, महाराष्ट्राने प्रसवपूर्व निदानतंत्रांच्या वापरावर नियंत्रण आणणारा कायदा केला. असा कायदा करणारे ते भारतातील पहिले राज्य होते. गर्भजल परीक्षेच्या साहाय्याने मुलीचा गर्भ ओळखून तो पाडण्याविरुद्ध मुंबईतील स्त्री-संघटना व कार्यकर्त्यांनी उभारलेल्या मोहिमेचे ते फळ होते. १९९४ मध्ये संसदेने देशभरासाठी कायदा केला आणि १ जानेवारी, १९९६ पासून तो लागू झाला. तोवर गर्भजल परीक्षेची जागा सोनोग्राफीने घेतली होती. महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटातील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ च्या जनगणनेत ९४६ होती. २००१ मध्ये ती ९१३ वर आली. सेहत व मासूम या संस्था आणि कार्यकर्ते साबू जॉर्ज यांनी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेनंतर अंमलबजावणीला जोर आला आणि २००३ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन गर्भधारणापूर्व लिंगनिवडही त्याच्या कक्षेत आली.

या कायद्यानुसार प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची व केंद्राची नोंदणी करावी लागते, प्रत्येक गर्भवतीच्या तपासणीचा विहित नमुन्यातील तपशील ठेवावा लागतो आणि गर्भलिंगनिदान केले जात नसल्याची पाटी केंद्रात लावावी लागते. हलवता येण्याजोगी लहान यंत्रे नोंदणीकृत जागेबाहेर वापरण्यावर २०१२ पासून कडक मर्यादा आहेत. यंत्र गर्भासाठी वापरले जाते की यकृतासाठी, याने नियमात फरक पडत नाही. त्यामुळे खेडोपाडी शिबिरे घेऊन मधुमेहींच्या यकृतातील मेद सोनोग्राफीने लवकर शोधण्याचा कोणताही बेत महाराष्ट्रात प्रथम या परवानगीच्या प्रश्नाशी येऊन थांबतो.